वय ४१, पीएफ नाही, हाताशी महिना सहा हजार: पेन्शनसाठी काय निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, पगार २८ हजार. दुकानात वीसपेक्षा कमी माणसं, म्हणून पीएफ नाही. पत्नी ३६ वर्षांची, घरी शिवणकाम करते. मुलगी नववीत. महिना सहा हजार बाजूला काढता येतात. नात्यातल्या एका विमा एजंटाने पेन्शन प्लॅन आणलाय: दहा वर्षं दरवर्षी ६० हजार भरायचे, ६१व्या वर्षापासून तहहयात वर्षाला ८४ हजार मिळणार आणि माघारी वारसाला भरलेले ६ लाख परत. "चौदा टक्के पडतात आणि टॅक्सही वाचतो," असं ते म्हणतात. हा घ्यावा, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घ्यावं की पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड)? आणि एका पतसंस्थेत दोन लाखांची ठेव आहे, ती तशीच राहू द्यावी का?

मी सांगलीतच करसल्ला आणि गुंतवणूक नियोजनाचं काम करतो. फी घेऊन सल्ला देतो, पॉलिसी विकत नाही. तुमच्यासारखी माणसं यार्डात, गणपती पेठेत, कुपवाडच्या एमआयडीसीत शेकड्यांनी आहेत. तुमच्याच दुकानात हळदीची पोती उचलणारा नोंदीत हमाल असेल तर त्याला माथाडी मंडळामार्फत भविष्य निर्वाह निधी आहे. सौद्याचा सगळा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजीला मात्र काहीच नाही. ही गोष्ट मला फार खटकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाव्हण्यांचा प्लॅन. ६ लाख भरले, वर्षाला ८४ हजार मिळाले, भागाकार केला की १४ येतात. भागाकार बरोबर आहे, पण त्यात काळ धरलेलाच नाही. तुमचा पहिला हप्ता आज जातो आणि पहिली पेन्शन वीस वर्षांनी येते. मधल्या काळात तो पैसा कंपनीकडे वाढतो, त्याची वाढ तुम्हाला किती मिळाली हे पाहायला हवं. हिशेब करताना तुम्ही ८५ वर्षं जगता असं मी धरलं. दहा हप्ते, मग थांबायची वर्षं, मग पंचवीस वर्षं ८४ हजार आणि शेवटी वारसाला ६ लाख. हे सगळं कम्प्युटरवर आयआरआर, म्हणजे मधला काळ धरून पडणारा वार्षिक दर, काढून पाहिलं तर परतावा साधारण ५.४ टक्के पडतो. म्हणजे चौदा सोडा, सहासुद्धा नाही.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा, म्हणजे आयआरआर वगैरे न कळणाऱ्यालाही पटेल. तेच ६० हजार दरवर्षी दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि पुढे खातं चालू राहण्यापुरते वर्षाला ५०० रुपये भरत राहिलात, तर आजच्या ७.१ टक्के व्याजाने साठाव्या वर्षी सुमारे साडेसोळा लाख जमतात. हा दर एप्रिल २०२० पासून तोच आहे, पण सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, कमी होऊ शकतो. सरासरी साडेसहा धरली तरी १५ लाख होतात. त्या १५ लाखांवर साठीनंतर फक्त ६ टक्के मिळाले तरी वर्षाला ९० हजार होतात. म्हणजे पाव्हण्यांच्या ८४ हजारांपेक्षा जास्त. शिवाय मुद्दल तुमचंच राहतं, तुमच्या माघारी घरच्यांना १५ लाख मिळतात. त्या प्लॅनमध्ये मिळणार ६ लाख.

टॅक्स वाचण्याचा मुद्दा तर तुम्हाला लागूच नाही. वर्षाला ३ लाख ३६ हजार उत्पन्न आहे, नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवायला वीस वर्षं पैसे अडकवू नका.

याचा अर्थ पाव्हणे फसवताहेत असा नाही. त्यांना शिकवलेलं गणित ते तुम्हाला सांगताहेत. नात्यात सरळ नाही म्हणायला जड जातं हेही मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे प्लॅनचं बेनिफिट इलस्ट्रेशन मागा, सहीशिक्क्यासह. त्यात कोणता आकडा हमीचा आणि कोणता बोनसवर अवलंबून, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन बसलात की बोलणं नात्यावरून आकड्यांवर येतं. आणि सही करून मोकळे झाला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. हे ३० दिवस लोकांना माहीत नसतात आणि तसेच निघून जातात.

आता मुख्य गोष्ट. पेन्शनमध्ये दोन वेगळी कामं असतात. साठीपर्यंत पैसा वाढवणं हे एक, आणि साठीनंतर त्या पैशातून दरमहा उत्पन्न काढणं हे दुसरं. पाव्हण्यांचा प्लॅन दोन्ही कामं आजच एका कागदावर बांधून टाकतो. १९ वर्षांनी व्याजदर काय असतील, तुमची तब्येत कशी असेल, मुलगी कुठे असेल, हे कळायच्या आधीच. तुम्ही आज फक्त पहिल्या कामाचा निर्णय घ्या. दुसऱ्याचा साठीला घ्याल, तेव्हा हातात रक्कमही असेल आणि चित्रही स्पष्ट असेल. कोणतीही योजना समोर आली की विचारा: ही माझा पैसा वाढवते की वाटते? दोन्ही करते असं उत्तर आलं तर खर्च आणि परतावा दुप्पट बारकाईने तपासा.

पैसा वाढवण्यासाठी तुमच्यासमोर खरे पर्याय तीन.

पहिला अटल पेन्शन योजना. तिच्यात तुम्ही स्वतः बसत नाही, तिथे प्रवेश १८ ते ४० वयापर्यंतच आहे. पण वहिनी बसतात. आणि आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ही योजना बंद असली तरी त्या कर भरत नाहीत. ३६व्या वर्षी दरमहा ९९० रुपये भरले तर साठीपासून दरमहा ५,००० पेन्शन, सरकारच्या हमीची. त्यांच्या माघारी तीच पेन्शन तुम्हाला, आणि दोघांच्या माघारी मुलीला साडेआठ लाख. हिशेब केला तर भरण्यावर ८ टक्क्यांच्या आसपास परतावा पडतो, हमीसकट. इतका चांगला सौदा बाजारात दुसरा नाही. एक गोष्ट मात्र आतापासून डोक्यात ठेवा: महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर चोवीस वर्षांनंतरच्या ५,००० ची किंमत आजच्या सव्वाबाराशे रुपयांइतकी असेल. म्हणजे औषधपाण्याचा खर्च निघेल, घर चालणार नाही. तरीही घ्याच.

दुसरा पर्याय एनपीएस. २००४ मध्ये केंद्र सरकारी नोकरांसाठी सुरू झालं, मे २००९ पासून कुणालाही खुलं आहे. वर्षाला किमान एक हजार भरले तरी खातं चालतं. पैसा शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत विभागला जातो, किती कुठे हे तुम्ही ठरवता. व्यवस्थापनाचा खर्च नेहमीच्या योजनांमध्ये शंभर रुपयांमागे वर्षाला दहा-बारा पैशांच्या आसपास, एवढं स्वस्त दुसरं काही नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ पासून शेअरमध्ये शंभर टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या नव्या योजनाही आल्यात, त्यांचा खर्च जास्त असू शकतो. तुम्हाला त्यांची गरज नाही. फॉर्मवर ऑटो चॉइस, म्हणजे वयानुसार आपोआप होणारी विभागणी, घेतलात तर तिच्यातल्या एलसी-५० या प्रकारात ३५ वयानंतर शेअरचा वाटा दरवर्षी कमी होत जातो, ५५ला तो १० टक्क्यांवर येतो. तुम्ही ४१ चे, तुमच्या हातात अजून १९ वर्षं आहेत, म्हणून मी त्यातलाच बॅलन्स्ड लाइफ सायकल हा प्रकार सुचवेन. त्यात ४५ पर्यंत शेअरचा वाटा ५० टक्के राहतो आणि मग उतरतो. शेअर म्हटलं की आपल्याकडे लोक बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणाऱ्यांनी आपल्या भागात किती घरं धुऊन नेलीत ते सगळ्यांनी पाहिलंय. पण एनपीएस वेगळं आहे. त्यावर पीएफआरडीए हे नियामक मंडळ आहे, पैसा ट्रस्टच्या ताब्यात असतो, आणि परताव्याचं आश्वासन कुणी देत नाही. आश्वासन न देणं हीच त्याच्या खरेपणाची खूण समजा.

एनपीएसबद्दलची जुनी तक्रार अशी की साठीला ४० टक्के रक्कम अ‍ॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शनमध्ये, सक्तीने गुंतवावी लागायची. डिसेंबर २०२५ मध्ये हा नियम बदलला. सरकारी नोकरीबाहेरच्या खातेदाराला आता ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येते, अ‍ॅन्युइटी किमान २० टक्क्यांची. जमा ८ लाखांपर्यंतच असेल तर सगळी रक्कम काढता येते. तुमच्यासाठी हा मोठा बदल आहे, कारण यामुळे वर सांगितलेलं दुसरं काम बऱ्याच अंशी तुमच्या हातात राहतं. फक्त करमाफी आधीच्या ६० टक्क्यांच्या हिशेबाने दिलेली होती, म्हणून काढायच्या वर्षी त्या वर्षीचा करनियम बघूनच किती काढायचे ते ठरवा.

साठीच्या आधी एनपीएसमधून सहज पैसे निघत नाहीत. मुलीचं शिक्षण, लग्न, घर, मोठं आजारपण अशा ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंतच मिळतात. लोक याला तोटा म्हणतात. मला हा फायदा वाटतो. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून तोंड बंद केलं की भाव मनासारखा येईपर्यंत ते कुणी उघडत नसे. रोज उकरता येत नसे म्हणून माल टिकायचा, म्हातारपणाच्या पैशालाही असंच तोंड बंद हवं.

तिसरा पीपीएफ. पंधरा वर्षांचं खातं, मग पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं, वर्षाला कमाल दीड लाख, व्याज करमुक्त. यात चढउतार नाही, म्हणून एनपीएसच्या जोडीला चांगलं. न्यायालयाच्या जप्तीपासूनही या पैशाला संरक्षण आहे, हे दुकानदारीतल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्युच्युअल फंडांतूनही म्हातारपणासाठी पैसा जमवता येतो. ते वाईट नाहीत, पण एनपीएस असताना आणि रक्कम एवढी असताना तिसरं खातं सांभाळायला तुम्हाला मी लावणार नाही.

आता सहा हजारांची वाटणी. पेन्शनच्या आधी एक गोष्ट येते. तुम्हाला उद्या काही झालं तर वहिनी आणि मुलगी यांचं काय? नववीतल्या मुलीच्या बापाला साध्या टर्म इन्शुरन्सशिवाय पेन्शनचा विचार करता येत नाही. साठीपर्यंतचं, ५० लाखांचं कव्हर बघा. हप्ता वय, तब्येत आणि तंबाखूवर ठरतो. फॉर्मवर तंबाखूबद्दल खोटं लिहू नका, त्याच कारणावरून दावे नाकारले जातात. महिना हजारभर रुपये यासाठी धरा. बँकेत ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजनाही सुरू करून टाका, दोन्हींत दोन-दोन लाखांचं कव्हर आहे. मग ९९० वहिनींच्या अटल पेन्शनला. उरले चार हजार: अडीच हजार एनपीएसला, दीड हजार पीपीएफला.

याने काय होईल? चार हजार दरमहा, १९ वर्षं, सरासरी ८ टक्के धरले तर साठीला साधारण २१ लाख होतात. ऐकायला बरं वाटतं. पण ६ टक्के महागाईने आजच्या २० हजारांचा घरखर्च तोवर ६० हजारांवर गेलेला असेल. म्हणून चार हजारांवर थांबायचं नाही. दिवाळीला शेठ पगार वाढवतात ना, त्याच महिन्यात भरणा ७ टक्क्यांनी वाढवा. पहिल्या दिवाळीला ही वाढ फक्त २८० रुपयांची आहे. दरवर्षी इतकीच पाळली तर त्याच ८ टक्क्यांनी २१ ऐवजी ३५ लाखांच्या आसपास जमतात. एजंट कोणता, फंड कोणता, कोणत्या बँकेतून खातं काढलं, या सगळ्यांपेक्षा या २८० रुपयांनी जास्त फरक पडतो.

३५ लाखसुद्धा पुरे पडणार नाहीत, हे तुमच्यापासून लपवणार नाही. ७ टक्क्यांनी त्यावर महिना वीस हजार येतात, आजच्या मोलाने सात हजारांच्या आत. पण मुलीचं शिक्षण आटोपलं की तिच्यावर जाणारा पैसा मोकळा होईल, तेव्हा भरणा एकदम दुप्पट करायची संधी येईल. ती वर्षं साधारण तुमच्या पन्नाशीनंतरची. शिवाय यार्डात दिवाणजी साठीला घरी बसत नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हात चालतोय तोवर काम करा आणि एनपीएसमधला पैसा साठीनंतरही तसाच वाढू द्या, ती मुभा आहे. वहिनींची अटल पेन्शन तुमच्या ६५व्या वर्षी सुरू होईल, तोवर ढकलता आलं तर उत्तमच.

साठीनंतरच्या कामाबद्दल आज इतकंच सांगतो की ज्येष्ठ नागरिक बचत योजना विसरू नका. पोस्टात आणि बँकांत मिळते, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज, सध्या ८.२ टक्के. एनपीएसच्या सक्तीच्या २० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घेताना मात्र दोघांच्या हयातीपर्यंत चालणारी आणि शेवटी मूळ रक्कम वारसाला परत देणारी घ्या. एकट्याच्या नावाची घेतली तर आकडा थोडा मोठा दिसतो, पण नवऱ्याच्या माघारी बायकोच्या हातात काही राहत नाही. अशा विधवा बायका माझ्या ऑफिसात कागद घेऊन येतात, आणि त्या वेळी काहीही करता येत नाही.

पतसंस्थेतल्या दोन लाखांबद्दल. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी आपल्या जिल्ह्यातल्या किती लोकांनी मुद्दल गमावलंय ते वेगळं सांगायला नको. मुदत संपली की ही रक्कम बँकेत किंवा पोस्टात हलवा. मुदतीआधी मोडायला फार दंड नसेल तर आत्ताच हलवा. आणि तिला पेन्शनमध्ये टाकू नका, ही तुमची अडीअडचणीची रक्कम आहे. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आणि कृष्णाकाठच्या अनेक घरांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे पॉलिसी मोडायची कशी हे विचारणारेच जास्त आले. पाच-सहा वर्षं भरलेल्या पॉलिसी, हातात निम्म्याच्या आसपास पैसे. ज्यांच्याकडे लाखभर तरी मोकळे होते त्यांना काही मोडावं लागलं नाही.

कामाला लागताना क्रम असा ठेवा. वहिनींचं अटल पेन्शन सगळ्यात आधी. त्यांना ३७ पूर्ण झाली की हप्ता ९९० वरून १,०८७ होतो आणि मग साठीपर्यंत तोच राहतो. त्यासाठी ज्या बँकेत त्यांचं खातं आहे तिथेच जा. जाण्याआधी एकदा आधार आणि पासबुक शेजारी ठेवून नाव बघा. एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं नाव असेल तर आधी ते जुळवून घ्या, नाहीतर आज फॉर्म स्वीकारला जाईल आणि चोवीस वर्षांनी पेन्शन अडकेल. खात्यात हप्त्याच्या तारखेला पैसे हवेत, शिवणाचे पैसे त्याच खात्यात जमा होऊ द्या. मग तुमचा टर्म इन्शुरन्स, कारण त्याला वैद्यकीय तपासणी लागते आणि दिवस जातात. एनपीएस आधार-पॅनवर घरबसल्या ऑनलाइन उघडता येतं, जमत नसेल तर बँकेत किंवा पोस्टात. प्रान नंबर, म्हणजे एनपीएसचा खातेक्रमांक, मिळाला की तो वहिनींना लिहून द्या. पीपीएफ मार्चअखेरीची वाट न पाहता उघडा आणि दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकीवर व्याज धरतात.

प्रत्येक ठिकाणी नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव, आणि वहिनींच्या खात्यांवर तुमचं. मुलगी अठराची झाली की बदल करायचा का ते तेव्हा पाहू. पाव्हण्यांचा कागद आला की मला पाठवा, मी त्यातले हमीचे आकडे तुम्हाला वेगळे काढून देतो.